'त्या काळी सगळ्यांना ते बरोबरच वाटायचं' हे खरं आहे का?

खडूफळा (प्रश्न):
मी अकरावीला इतिहास शिकवते. गुलामगिरीचा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, तेव्हा सगळ्यांनाच ते बरोबर वाटत होतं, मग त्यांना दोष कसा द्यायचा?" 'त्या काळच्या नजरेने बघावं' एवढं सांगून मला तिची बोळवण करायची नाही. हा अन्याय आहे असं त्या त्या काळातच कुणाला जाणवलं होतं का? मुलांपुढे ठेवता येईल असं काही सांगा.

दप्तरखाना:
मॅडम, त्या मुलीला आधी एवढंच विचारा, की 'सगळे' म्हणताना तिने गुलामांना मोजलं का? पळून जाणारे, बंड करणारे, ब्राझीलच्या रानात पाल्मारेससारख्या वस्त्या उभारून सतराव्या शतकात वर्षानुवर्षं लढणारे, ही सगळी त्याच काळातली माणसं होती. त्यांना हे बरोबर वाटत नव्हतं.

आता मालकांच्या बाजूचा पुरावा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात असं मांडलं. पण त्याआधी त्याला एका विरोधी मताची दखल घ्यावी लागली: मालक-गुलाम हा भेद निसर्गाने केलेला नाही, तो फक्त कायद्याने केलेला आहे आणि बळजबरीवर उभा आहे, म्हणून तो अन्याय्य आहे. असं म्हणणारे कोण, ते तो सांगत नाही. म्हणजे वाद तेव्हाही होता, फक्त एका बाजूची पुस्तकं टिकली. अल्सिडामास नावाच्या वक्त्याचं 'निसर्गाने कुणालाच गुलाम केलेलं नाही' या अर्थाचं वाक्य आपल्यापर्यंत आलं, तेही दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या टीपेमुळे.

उलटतपासणी:
हे अपवाद झाले ना? शंभरात एखादा वेगळा विचार करतो म्हणून उरलेल्या नव्व्याण्णवांना ते कळत होतं असं कसं म्हणायचं? माणूस जन्मल्यापासून जे बघतो तेच त्याला नैसर्गिक वाटतं.

दप्तरखाना:
शंका रास्त आहे. म्हणूनच मला १६८८ चा जर्मनटाउनचा अर्ज फार महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध आपल्याच पंथाच्या सभेला तो लिहिला. युक्तिवाद अगदी साधा: आपल्याशी कुणी असं वागलेलं आपल्याला चालेल का? समुद्रात अनोळखी जहाज दिसलं की तुर्क पकडून विकतील म्हणून आपली गाळण उडते, मग आपण तेच करतो त्याचं काय? युरोपात श्रद्धेपायी माणसं छळली जातात, इथे काळ्या रंगापायी. आणि उद्या हे गुलाम उठले, तर तुम्हाला त्यांना डांबून ठेवण्याचा जेवढा हक्क वाटतो तेवढाच त्यांना सुटकेसाठी लढण्याचा नाही का?

सभेने काय केलं ते बघा. मासिक सभा म्हणाली, विषय फार वजनदार आहे, आम्ही यात हात घालणं योग्य नाही, आणि अर्ज त्रैमासिक सभेकडे पाठवला. त्रैमासिक सभेनेही तेच कारण देऊन तो वर ढकलला. वार्षिक सभा म्हणाली, याचा संबंध इतर अनेक गोष्टींशी येतो, म्हणून निर्णय देणं उचित नाही. 'तुमचं म्हणणं चूक आहे' असं या तिन्ही उत्तरांत कुठेही नाही. हे न कळलेल्या माणसांचं उत्तर मला वाटत नाही. कळलंय, पण घरात, शेतात गुलाम राबतायत आणि तो कारभार मोडायचा नाही, अशा माणसांचं वाटतं. आपल्या सदस्यांना गुलाम ठेवायला फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने बंदी घातली ती १७७६ साली. अठ्ठ्याऐंशी वर्षं! त्या वर्षांत किती पिढ्या विकल्या गेल्या याचा विचार केला की मला अजून संताप येतो.

उलटतपासणी:
तिन्ही उत्तरांबद्दल माहीत नव्हतं. हा मुद्दा मान्य. पण मुलांना हेही सांगावं, की अन्याय दिसणाऱ्यालाही तो पूर्ण दिसतोच असं नाही. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश पाद्र्यांनी १५१४ मध्ये आपल्या ताब्यातले अमेरिकेतले मूळ रहिवासी सोडून दिले आणि पुढचं आयुष्य त्यांच्यासाठी भांडण्यात घालवलं. त्यांनीच १५१६ मध्ये या मूळ रहिवाशांऐवजी आफ्रिकेतले गुलाम आणा असं सुचवलं होतं. पुढे स्वतःच्या इतिहासग्रंथात त्यांनी त्याबद्दल पश्चात्ताप लिहून ठेवला.

माजघर:
थोडी भर. ही जाणीव समुद्र ओलांडूनही जाते. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक, तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा, ही आशा त्यांनी तिथेच लिहिली.

खडूफळा:
सगळ्यांचे आभार. जर्मनटाउनचा अर्ज नक्की घेते. पण चारही अर्जदार गोरे. गुलामांनी स्वतः लिहिलेलं, एका तासात वाचून होईल असं काही आहे का?

दप्तरखाना:
आहे. जानेवारी १७७३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरला आणि विधिमंडळाला गुलामांच्या वतीने दिलेला अर्ज. खाली सही फक्त 'फेलिक्स' एवढीच. आमची मालमत्ता नाही, बायका नाहीत, मुलं नाहीत, शहर नाही, देश नाही, असं एकामागून एक त्यात येतं. छोटा आहे, मोठ्याने वाचून घ्या.

जर्मनटाउनचा अर्ज मात्र आधी एकटाच द्या, सभांची उत्तरं लगेच दाखवू नका. तुम्ही त्या सभेत असता तर काय लिहिलं असतं, ते प्रत्येकाला कागदावर लिहू दे. मग तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहा, आणि त्या मुलीला तिचा प्रश्न पुन्हा विचारू दे.