जुन्या खेळण्यातल्या गाड्या आणि डब्यातला किरकोळ माल लेआउटवर चालेल का?

सायडिंगवाला:
मंडळी, मॉडेल रेल्वेचा एचओ लेआउट (खऱ्याच्या १:८७ माप) करतोय. ट्रॅक टाकून, वायरिंग होऊन स्टेशन उभं राहिलंय, आता गावाचा भाग भरायला घेतलाय आणि रस्ते एकदम ओसाड दिसतायत. माझ्याकडे जुन्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) खेळण्यातल्या गाड्यांचा एक डबा आहे, मॅचबॉक्स, हॉट व्हील्स, काही बिननावाच्या, कुणाची चाकं गेलेली, कुणाचा रंग उडालेला. त्याच डब्यात बटणं, मणी, बंद घड्याळाची चक्रं, तुटकी कीचेन, एकटं पडलेलं कानातलं असला सगळा टाकवत नाही असा माल पण आहे. रेडीमेड १:८७ गाड्या मिळतात ते माहितीये, पण मला मुद्दाम हाच माल वापरायचाय.
अडचण अशी की एक गाडी फलाटाबाहेर ठेवून बघितली तर शेजारचा माणूस गाडीच्या टपापर्यंतसुद्धा पोचत नाही. कोणी असं केलंय का? कुठल्या गाड्या चालतात, कुठल्या नाही, आणि रंग काढून परत रंगवायच्या का आहे तशा ठेवायच्या?

खटारा६४:
माणूस टपाखाली जाणारच हो. एचओमधला पावणेदोन मीटरचा माणूस म्हणजे २० मिमी, आणि १:६४ मधली साधी सेडान २२-२३ मिमी उंच. स्पोर्ट्स कार बुटकी असते म्हणून ती त्यातल्या त्यात खपून जाते.

सांधेबदल:
आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, ती म्हणजे या गाड्या "१:६४ च्या" असतात ही. काही असतात, बऱ्याच नसतात. स्केल ठरवून बनवलेल्या गाड्याच नाहीत या, खोक्यात मावतील अशा बनवलेल्या आहेत, मॅचबॉक्स नाव पडलं तेच मुळी त्या काडेपेटीएवढ्या खोक्यावरून, १९५३ मध्ये. त्यामुळे एकाच मालिकेत कार आणि बस दोन्ही साधारण सात-आठ सेंटिमीटरच्या निघतात आणि शेजारी ठेवल्या की बस कारएवढीच दिसते.
आता याचा फायदा असा घ्यायचा की फूटपट्टी घेऊन बसायचं आणि खऱ्या गाडीची लांबी मिमीमध्ये घेऊन तिला खेळण्याच्या लांबीने भागायचं. साडेचार मीटरची कार ७० मिमीची असेल तर १:६४ आलं, एचओला ती ५२ मिमीची हवी होती, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मोठी, चालणार नाही. पण सात मीटरचा मध्यम ट्रक ८० मिमीत बसवलेला असेल तर ७००० भागिले ८० म्हणजे १:८७.५! हा थेट एचओ झाला, कसलीही कारागिरी न करता. म्हणून डब्यातून कार बाजूला ठेवा आणि आधी ट्रक, डंपर, अग्निशमनची गाडी, कचऱ्याची गाडी, सिमेंट मिक्सर काढा. खरी सोय तिथे आहे.
बसची गंमत वेगळीच. बारा मीटरची बस ७५ मिमीत कोंबली म्हणजे लांबीने १:१६०, झाली एन स्केल (एचओहून लहान मॉडेल रेल्वेचं माप). पण रुंदी मोजा, साधारण २८-३० मिमी असते, आणि खरी बस अडीच मीटर रुंद, म्हणजे रुंदीने ती १:८७ च्या आसपास. लांबी एनची, रुंदी एचओची, म्हणून ती अशी ठेंगणी-जाडी दिसते. ही बस आडवी ठेवली तर वाईट दिसेल, पण डेपोच्या शेडमधून फक्त तोंड बाहेर काढून ठेवा, मागचा भाग अंधारात. बघणाऱ्याला दिसते ती रुंदी आणि ती बरोबर आहे. माझ्या लेआउटवर अशा बस आहेत, मागनं दोन तर अर्ध्या कापलेल्याच आहेत.

रूळशुद्धी:
मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. एचओवर १:६४ ची कार कुठेही ठेवा, ती बोलते. एकदा नजर गेली की मग रेल्वे दिसत नाही, गाडीच दिसते. इंजिनावरचा रिव्हेट मोजून बसवायचा आणि शेजारी हे, कशाला? शिवाय काळ बघा. वाफेचं इंजिन फलाटाला लागलंय आणि बाहेर नव्वदीतली सुपरकार उभी, ते स्केलपेक्षा जास्त खटकतं.

खटारा६४:
काळाचं पटलं. स्केलचं अर्धंच पटलं. डोळा मिलिमीटर मोजत नाही, डोळा शेजारी काय आहे ते बघतो. गाडीच्या बाजूला माणूस, दार किंवा दुसरी बरोबर मापाची गाडी असेल तर लगेच पकडलं जातं. एचओत दार २४ मिमीचं असतं आणि दाराची उंची सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. म्हणून मोठी गाडी दारापासून लांब ठेवायची.
मी काय करतो ते सांगतो. मोठ्या १:६४ गाड्या लेआउटच्या अगदी पुढच्या कडेला, बघणाऱ्याच्या नाकासमोर, त्यांच्या आणि ट्रॅकच्या मधे झाडं किंवा भिंत. मागे पार्श्वभूमीच्या चित्राला लागून ज्या गाड्या आहेत त्या एनच्या. पुढे मोठं, मागे लहान, मग खोली आपोआप वाढते, दोन फुटांचं टेबल चार फुटांचं वाटतं. फक्त दोन्ही एका सरळ रस्त्यावर एकामागे एक दिसायला नकोत, रस्ता मधे वळवा किंवा पुलाखालून न्या.
आणि सगळ्यात सोपं म्हणजे झाका! टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करायचा, अर्धा पांढरा गम अर्धं पाणी यात भिजवून गाडीवर टाकायचा, ब्रशने कडा खाली दाबायच्या, आरशाच्या जागी थोडा उंचवटा राहू द्यायचा. वाळला की कडक होतो. मग मळका हिरवा किंवा राखाडी मॅट रंग, वरून शिवणाच्या दोऱ्याचे दोन वेढे. ताडपत्रीखाली काय आहे, किती मोठं आहे, कोण मोजतंय? खाली चाकाचं जेमतेम टोक दिसलं पाहिजे, नाहीतर ते पोतं वाटतं.

मणीवाली ताई:
गाड्यांचं चालू द्या, मी त्या दुसऱ्या मालाबद्दल लिहिते कारण माझा जीव त्यात आहे :)
सापडलेली वस्तू वापरताना मी एकच बघते, ती ओळखू येते का. शर्टाचं बटण गटाराचं झाकण म्हणून लावलेलं असंख्य फोटोत दिसतं आणि चार भोकांमुळे दर वेळी ते शर्टाचं बटणच राहतं. शिवाय ११ मिमीचं बटण एचओत जवळजवळ मीटरभर होतं. त्यापेक्षा कपड्यावरची ६-७ मिमीची टिकली घ्या, उलटी करून करडा रंग द्या, मधलं छिद्र पुटीने बुजवा, मापात बसते. मी तर कुठलीही वस्तू आधी सरळ राखाडी प्रायमर मारून बाजूला ठेवते. मूळ रंग आणि चमक गेली की आकार तेवढा उरतो, मग कळतं तो आकार कशाचा होऊ शकतो. कानातल्याचं जाळीदार फूल असंच माझ्याकडे कारखान्याच्या पंख्याचं कव्हर झालंय.
चांगला चालणारा माल: संपलेली रिफिल (३ मिमीची असली तर एचओत २६ सेंटिमीटरचा पाइप, शाई धुवून काढा पण नीट, नाहीतर रंगातून वर येते), ३-४ मिमीचे दुधी मणी दिव्याचे गोळे म्हणून, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे घुमट कारखान्याच्या छपरावर उजेडासाठी, दोऱ्याचं छोटं रीळ केबलचं ड्रम म्हणून, जुन्या सर्किट बोर्डावरचे कपॅसिटर टाक्या म्हणून, मोठे असतील तर आधी डिस्चार्ज करून घ्या. घड्याळाची चक्रं मात्र जपून! पितळी चक्र दिसलं की सगळे ते भिंतीवर चिकटवतात आणि मग गाव रेल्वेचं राहत नाही, जत्रेतलं होतं. तीच चक्रं गंजक्या रंगात भंगाराच्या ढिगात अर्धी पुरली की मस्त.
हो, आणि पेन्सिल सेलची तेलाची टाकी करू नका. आकार इतका मोहात पाडणारा आहे, एएए सेल म्हणजे ९० सेंटिमीटर व्यासाची चार मीटर लांब टाकी, अगदी हवी तशी. पण सेल लीक होतो आणि आतलं अल्कली खालचं सगळं खाऊन टाकतं. त्याच जाडीची प्लास्टिक नळी शोधा.

डायकास्टजुना:
रंगाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. रंग काढायच्या आधी प्रत्येक गाडी उलटी करून तळ वाचा. लेस्नी (मॅचबॉक्स बनवणारी मूळ कंपनी), मेड इन इंग्लंड असं असेल तर ती १९८२ किंवा त्याआधीची मॅचबॉक्स, चाकाला लाल रेघ असलेली हॉट व्हील्स असेल तर १९६८ ते ७७ मधली. अशा बऱ्या अवस्थेतल्या असतील तर भंगारात गाडू नका, संग्राहकाला द्या आणि बदल्यात दहा फुटक्या आणा. हॉट व्हील्सच्या तळावर जे साल असतं ते साच्याच्या कॉपीराइटचं, गाडी त्या साली बनली असं नाही, त्यावरून फसू नका.
दुसरं, जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत खेळण्यांवरच्या शिशाच्या रंगाला १९७८ मध्ये बंदी आली, त्याच्या आधीचा माल असेल तर पॉलिश पेपर कोरडा घासायचाच नाही, धूळ उडते. रंग काढायचं केमिकल वापरा, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, घरात लहान मूल असेल तर त्या टेबलापासून लांब.
आणि काही खूप जुन्या गाड्या हातात घेतल्या की भेगाळलेल्या, फुगलेल्या दिसतात, बिस्किटासारख्या तुटतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली की आतून असं होतं, दमट हवेत लवकर. दुरुस्ती नाही. पण लोक म्हणतात तसं ते शेजारच्या गाडीला "लागत" मात्र नाही, ते ज्याच्या त्याच्या धातूत असतं. भेगाळलेली गाडी भंगारात ठेवायला उत्तम, फक्त तिच्या आधारावर दुसरं काही उभं करू नका.

सांधेबदल:
वरच्यात भर. उघडायची असेल तर तळाचा रिव्हेट ड्रिल करा. आधी टोचा मारून मध्य धरा, बारीक बिटने सुरुवात, मग ३ मिमी, फक्त डोकं उडवायचं, आत घुसायचं नाही. प्लास्टिकच्या काचा काढल्याशिवाय केमिकलमध्ये टाकू नका, ॲसिटोनमध्ये त्यांची खीर होते. उघडल्यावर चाकांचा तळ कानशीने दीड-दोन मिमी सपाट करा, गाडी खाली बसते, टायर भाराने दबल्यासारखे दिसतात आणि उतारावर पळत पण नाही. २२ ची उंची २० वर आली तरी माणसाशेजारी बराच फरक पडतो.
पूर्ण रंगवायची गरज नसते. चमक मारायला मॅट वॉर्निश, दाराच्या फटीत पातळ काळा रंग, आणि दिव्यांना चंदेरी ठिपका, बास.

सायडिंगवाला:
भारी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. डबा उपसला, तीन ट्रक खरंच मापात निघाले, बाकी कारपैकी चाकं नसलेल्या सरळ भंगाराच्या आवारात एकावर एक. अजून एक, एक चांगली कार सपाट वॅगनवर बांधून गाडीला जोडली तर? मालगाडीत दिसायला छान वाटेल.

रूळशुद्धी:
मीच सांगतो, कारण हे मी करून बघितलंय (हो हो, मीच). रुंदीला अडचण नाही, १:६४ ची कार २८ मिमीच्या आसपास आणि एचओची वॅगन ३०-३४. अडचण वजनाची. एनएमआरएचा (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) एचओसाठीचा हिशोब असा की वॅगनला एक औंस आणि वर दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे सहा इंची वॅगन ४ औंस, ११३ ग्रॅमच्या आसपास. डायकास्ट कार ३५-४० ग्रॅमची सहज असते, एकूण वजनात ती बसून जाईल, पण ते सगळं वर. वळणावर वॅगन झोपते. कारचा धातूचा तळ काढून टाका, आत पोकळ ठेवा आणि तेवढं वजन वॅगनच्या पोटाला खालून चिकटवा. बांधायला साखळी नको, दोरा वापरा. साखळीचं टोक सुटून दोन्ही रुळांवर पडलं की शॉर्ट.

मणीवाली ताई:
शॉर्टवरून, कीचेनच्या कड्या, स्प्रिंगा, पिना हे सगळं लोखंडी असतं. ट्रॅकजवळ लावलेलं असेल तर चिकटलंय का ते ओढून बघा, सुटलेलं बारीक लोखंड इंजिनाच्या मोटरचं मॅग्नेट उचलतं. लावायच्या आधी मॅग्नेट फिरवून दोन ढीग करा, चिकटतं ते ट्रॅकपासून लांब.

सायडिंगवाला:
ओके, मग कीचेन सगळी गावाच्या पलीकडच्या कोपऱ्यात. कारचा तळ उद्या ड्रिल करतो, ३ मिमीचं बिट आहे.

सांधेबदल:
बारीक बिट आधी.