मदत हवी आहे : 'कँप' आणि आपला 'कंपू', नातं नेमकं कुठून?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची, शहापुरात राहते. माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी तिला एका रोजच्या इंग्रजी शब्दावर मराठीत लिहायचंय. तिनं 'कँप' निवडला, कारण तिचे आजोबा जन्मभर कँपात शिवणकाम करायचे, फौजी गणवेश शिवायचे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच, त्यामुळे आमच्याकडे कँप म्हणजे आधी गावातला छावणीचा भाग. डोळे तपासणीचा, रक्तदानाचा, एनसीसीचा कँप नंतर आले.

इंग्रजी शब्दाचं मूळ आम्ही शोधलं. लॅटिन 'काम्पुस' म्हणजे मोकळं मैदान. रोममध्ये मार्स या युद्धदेवाच्या नावाचं असं मैदान होतं, तिथं सैन्याची कवायत चाले. मैदानावरून सैन्याचा तळ हा अर्थ आला आणि सोळाव्या शतकात फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत गेला. कॉलेजचा 'कँपस' त्याच घरातला. 'चँपियन' म्हणजे मुळात मैदानात उतरून लढणारा. मला सगळ्यात आवडला तो 'कँपेन' : सैन्य उघड्या मुलखात निघायचं ती मोहीम, आणि आता निवडणुकीचा प्रचार!

अडलंय ते आपल्या 'कंपू'पाशी. आज आपण टोळकं, गट अशा अर्थानं तो वापरतो. पण महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉय या युरोपियन सेनाधिकाऱ्यानं तयार केलेल्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. ग्वाल्हेरात कंपू नावाचा भाग अजून आहे. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हा शब्द इंग्रजी 'कँप'चा अपभ्रंश, किंवा त्याहून योग्य म्हणजे पोर्तुगीज 'काम्पो'चा, असं दिलंय. गोवा आम्हाला इतकं जवळ, म्हणून मला पोर्तुगीजच पटतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि मुलीनं चुकीचं लिहू नये असं मनापासून वाटतं.

द बॉय शिंद्यांकडे आला १७८४ मध्ये. त्याआधीच्या एखाद्या मराठी पत्रात, बखरीत 'कंपू' कुणी वाचलाय का? पेशवे दफ्तरातला एखादा उतारा, तारखेसह, मिळाला तर फार उपकार होतील. कोकणीत हा शब्द कसा वापरतात, तेही गोव्याकडच्यांनी सांगा.

शेजारच्या कन्नड अक्का म्हणाल्या, त्यांच्यात 'कंपु' म्हणजे सुगंध. तो शब्द वेगळाच, पण मुलीनं वहीत लिहून ठेवलाय. लेख सोमवारी द्यायचाय.