निपाणीत कॉस्मेटिक दवाखाना: फिलर, बोटॉक्स, लेसर सुरू करण्याआधी काय पक्कं हवं?

निपाणी_स्किन
कर्नाटकातल्या निपाणीत दोन खोल्यांचा स्किनचा दवाखाना सुरू होतोय. कोल्हापूरचे एमडी स्किन डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येणार, बाकीचे दिवस नर्स आणि लेसर टेक्निशियन. फिलर (चेहऱ्याला भराव देणारं जेल), बोटॉक्स (सुरकुत्यांचं इंजेक्शन), केस काढायचा लेसर एवढं ठरलंय. मशीनवाले फक्त मशीनचं सांगतात. कागदपत्रं, औषधांचा साठा, आणि काही बिनसलं तर काय करायचं, हे जाणकारांनी नेमकं सांगावं.

वेदगंगाकाठ
पहिलं केपीएमई, म्हणजे कर्नाटकाच्या खासगी दवाखान्यांच्या कायद्याखालची नोंदणी. महाराष्ट्रातला नर्सिंग होमचा कायदा खाटा असलेल्या ठिकाणांचा, त्यामुळे कोल्हापूरकडच्या डॉक्टरांना वाटतं की साध्या ओपीडीला नोंदणी कशाला. कर्नाटकाचा २००७ चा कायदा एका खोलीच्या दवाखान्यालाही लागतो. अर्ज ऑनलाइन, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष डीसी (जिल्हाधिकारी). सर्टिफिकेट आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्रात असली तरी कर्नाटक मेडिकल कौन्सिलचीही करून घ्या. बायोमेडिकल कचऱ्यासाठी प्रदूषण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्यांशी करार हवा.

डॉक्टर नसतील त्या दिवशी इंजेक्शन बंद. 'नर्सला हात बसलाय' हे कारण चालत नाही. यूट्यूब किंवा एखादी कार्यशाळा म्हणजे पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये डॉक्टरांनाच बजावलंय.

सुई_सलाईन
दोनच दिवस डॉक्टर, ही तुमची सर्वांत मोठी अडचण. फिलर रक्तवाहिनीत गेलं किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला तर पुढची त्वचा मरते. लक्षणं सुई असतानाच दिसतात असं नाही, काही तासांनीही दिसतात. म्हणून डॉक्टरांचे दोन दिवस लागोपाठचे ठेवा आणि फिलर पहिल्या दिवशी सकाळीच घ्या. संध्याकाळी पाचला फिलर देऊन डॉक्टर कागलच्या पुढे गेले, तर रात्री पेशंटला कोण बघणार?

काय बघायचं: जागा पांढरी पडणं, मग जाळीदार निळसर-जांभळे पट्टे. बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर अडथळाच समजा. दुखेलच असं नाही, कारण बऱ्याच फिलरमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध असतं. तिथेच थांबा आणि हायलुरोनिडेज (फिलर विरघळवणारं इंजेक्शन) द्या. ओठ किंवा नाक अशा एका भागाला साधारण ५०० युनिट, दोन भागांना १०००. मालिश करा, कोमट शेक द्या, तासाने पुन्हा दाबून बघा. रंग परतला नसेल तर तेवढाच डोस पुन्हा. व्हायल १५०० युनिटची येते, त्यामुळे एकच ठेवून भागत नाही. किमान ६ ठेवा आणि एक्स्पायरी दर महिन्याला तपासा. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे का, हे फिलरआधीच विचारून कार्डावर लिहा.

हे औषध फक्त हायलुरोनिक ॲसिडचं फिलर विरघळवतं. कॅल्शियमवालं फिलर त्याने जात नाही, म्हणून नव्या दवाखान्यात ते ठेवूच नका. अंधुक दिसतंय असं पेशंट म्हणाला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचवायला दीड तासाहूनही कमी वेळ असतो. बेळगावला की कोल्हापूरला, कोणते डॉक्टर, कोणती गाडी, हे आधीच ठरवून नंबर भिंतीवर लावा. खोक्यावरचं बॅच स्टिकर केसपेपरवर चिकटवा.

लाइट_गेली
हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) लाइट जाते हे धरून नियोजन करा. बोटॉक्स २ ते ८ अंशांत राहायला हवं. वेगळा फ्रिज घ्या, त्यात किमान-कमाल थर्मामीटर ठेवा, व्हायल दारात ठेवू नका. १०० युनिटमध्ये २.५ मिली सलाईन घातलं तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात. कालवल्याची तारीख-वेळ व्हायलवर लिहा, २४ तासांनंतर फेका. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्या ब्रँडला लागू होत नाही, डोसची गफलत इथेच होते.

ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र): १२१ अंश, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या पॅकला ३० मिनिटं, तीही तापमान गाठल्यापासून. मध्ये लाइट गेली तर सायकल पहिल्यापासून. पॅकवरच्या खुणेच्या टेपचा रंग बदलला म्हणजे पॅकला उष्णता लागली इतकंच. जंतू मेले की नाही, ते आठवड्याच्या स्पोअर टेस्टमध्ये (चिवट जंतूंची पट्टी आत ठेवून केलेली तपासणी) कळतं.

लेसरला ऑनलाइन यूपीएस हवाच. हँडपीसचं कूलिंग बंद पडून शॉट चालू राहिला तर भाजतं, आणि आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर काळा डाग महिनोन्महिने राहतो. चष्मा त्याच वेव्हलेंथचा हवा. डायोडचा ८०८ चा चष्मा १०६४ च्या एनडी-यागला चालेलच असं नाही, काचेवरचा आकडा वाचा. स्पिरिटने पुसलेली त्वचा पूर्ण वाळल्याशिवाय शॉट नको, पेट घेते.

निपाणी_स्किन
मनापासून आभार. लेसरआधी बधिर करायची क्रीम टेक्निशियनने लावली तर चालेल?

सुई_सलाईन
लावेल, पण किती आणि कुठे हे डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. दोन्ही पायांना क्रीम फासून प्लॅस्टिक गुंडाळणं बंद करा. औषध रक्तात उतरून झटके येतात, हृदयाची लय बिघडते. त्यात वर लिग्नोकेन टोचलं तर बेरीज होते. टोचायची मर्यादा किलोमागे ४.५ मिग्रॅ, म्हणजे ५० किलोच्या बाईला २२५ मिग्रॅ, २ टक्क्यांचं जेमतेम ११ मिली. ओठ बधिर होणं, कानात आवाज, तोंडात धातूची चव, या पहिल्या खुणा टेक्निशियनलाही पाठ हव्यात.

ॲलर्जीच्या रिॲक्शनसाठी ॲड्रेनलिन लेसरच्या खोलीतही ठेवा: १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, फरक नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. कुलूपबंद कपाटात नको. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा, आणि सही क्रीम लावायच्या आधी घ्या.