मालदीव: सगळे सगळ्यांना ओळखतात अशा देशात एवढा पैसा गेला कसा?

मृण्मयी:

मालदीवच्या गेल्या दहा-पंधरा वर्षांतील कारभाराविषयी सध्या वाचन करत आहे आणि एका प्रश्नापाशी येऊन अडकले आहे. हा देश जेमतेम 5 लाख वस्तीचा आहे. त्यातही फार मोठा हिस्सा राजधानी माले आणि शेजारच्या हुलहुमाले येथे राहतो, आणि समाज नात्यागोत्यांचा आहे. अशा ठिकाणी कोणाच्या घरी अचानक पैसा आला तर ते शेजाऱ्यापासून लपून राहणे अवघड असावे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात 2014 आणि 2015 या दोन वर्षांत पर्यटन प्रसारासाठी स्थापलेल्या सरकारी कंपनीमार्फत पन्नासहून अधिक बेटे आणि लगून (प्रवाळांनी वेढलेले उथळ पाणी) भाडेपट्ट्याने दिली गेली, आणि सरकारी लेखापरीक्षणाच्या अंदाजानुसार त्यांतील सुमारे 7 कोटी 90 लाख डॉलर तिजोरीपर्यंत पोहोचलेच नाहीत.

2008 च्या राज्यघटनेने भ्रष्टाचारविरोधी आयोग, स्वतंत्र महालेखापरीक्षक, न्यायिक सेवा आयोग असे सगळे दिलेले आहे. मग भोक नेमके कुठे आहे? देश लहान असणे हेच कारण मानायचे का? शिवाय पत्रकार अहमद रिलवान यांचे बेपत्ता होणे आणि ब्लॉगलेखक यामीन रशीद यांची हत्या या घटना याच व्यवस्थेचा भाग समजायच्या की त्यांचा विचार वेगळा करायचा, हेही जाणकारांनी सांगावे.

लेखापाल:

आधी पैसा गेला कसा ते पाहू, कारण त्यात हातचलाखी फारशी नव्हती. मालदीवमध्ये निर्जन बेट ही सरकारी मालमत्ता असते. रिसॉर्ट बांधणारा ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतो आणि त्यापोटी सुरुवातीलाच मोठी रक्कम भरतो. ही बेटे खुल्या निविदेने दिली जावीत असा संकेत होता, पण या काळात ती सरकारी कंपनीमार्फत, निविदेशिवाय दिली गेली. गुंतवणूकदारांनी कंपनीच्या नावाने धनादेश दिले, आणि त्यांतील कित्येक धनादेशांच्या पाठीवर सही करून ते एसओएफ नावाच्या एका खासगी कंपनीच्या खात्यात वळवले गेले. या व्यवहारांशी त्या कंपनीचा काहीही संबंध नव्हता. तिथून पुढे रकमा अनेकांना वाटल्या गेल्या. म्हणजे सही करणारा, धनादेश वटवणारा, बँकेतला कारकून आणि पैसे घेणारा अशा बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर हे घडले. आपली समजूत चुकीची नव्हती. लोकांना दिसत होतेच.

ज्याने पाहिलेले कागदावर आणले त्याचे काय झाले, हे अधिक बोलके आहे. तत्कालीन महालेखापरीक्षक नियाझ इब्राहिम यांच्या कार्यालयाने 2014 च्या ऑक्टोबरमध्ये पर्यटनमंत्री अहमद अदीब यांच्याकडे बोट दाखवणारा अहवाल दिला. त्याच सुमारास मजलिसने, म्हणजे तिथल्या संसदेने, लेखापरीक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि नियाझ यांचे पद गेले. अदीब मात्र चढत राहिले. उपराष्ट्राध्यक्षपदासाठीची किमान वयोमर्यादा घटनादुरुस्तीने 35 वरून 30 वर आणली गेली आणि जुलै 2015 मध्ये ते त्या पदावर बसले. 28 सप्टेंबर 2015 रोजी राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला यामीन यांच्या नौकेवर स्फोट झाला आणि पुढच्याच महिन्यात कटाच्या आरोपाखाली अदीब यांना अटक झाली. आपण उल्लेख केलेला 7 कोटी 90 लाखांचा आकडा ज्या अहवालात आहे, तो फेब्रुवारी 2016 मधला आहे. कार्यालय तेच, फायलीही बहुधा त्याच. दरम्यान बदलले ते एवढेच की ज्याच्याविषयी लिहायचे तो माणूस सत्तेतून पडलेला होता. माझ्या मते भोक इथे आहे. संस्था अस्तित्वात आहेत, त्या कामही करतात, पण पडलेल्या माणसावर.

(अटकेनंतरच्या खटल्यांत अदीब यांना झालेली शिक्षा 2019 मध्ये रद्द झाली, पण चौकशी सुरूच असताना ते एका टगबोटीत लपून थेट तुतिकोरिनच्या किनाऱ्यापर्यंत आले होते. भारताने त्यांना उतरू दिले नाही. 2020 मध्ये त्यांनी बेटांच्या व्यवहारातील गुन्हा कबूल केला आणि त्यांना 20 वर्षांची शिक्षा झाली.)

दर्यावर्दी:

लेखापाल यांचे विवेचन मान्य आहे, तरी देश लहान असण्याचा मुद्दा त्यांनी फार लवकर बाजूला सारला असे वाटते. माले हे बेट सुमारे दोन चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यावर लाखाहून अधिक माणसे राहतात. घरभाडे परवडत नाही, म्हणून सरकारी सदनिकेच्या यादीत नाव लागणे हा तिथल्या तरुण कुटुंबाच्या आयुष्यातला मोठा प्रसंग असतो. नोकरी बहुधा सरकारात किंवा सरकारी कंपनीत, आणि परदेशी उपचारांचा खर्चही सरकारी योजनेतून. इतक्या बाबतीत ज्याच्यावर अवलंबून राहायचे, त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा माणूस वेडाच म्हणावा लागेल. ओळखीपाळखीचा समाज गुपित राखू शकत नाही हे खरे, पण साक्षीदार नाव देऊन बोलूही शकत नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. मालेच्या पेठांमध्ये टोळ्यांचे जाळे जुने आहे. हेरॉइनचे व्यसन, गर्दीची घरे आणि बेकारी यांतून त्यांना मुले मिळतात. विरोधकाची सभा उधळणे, कार्यालयाची तोडफोड करणे, कोणाला धमकावणे अशा कामांसाठी राजकारणी मंडळी या टोळ्यांना पैसे देतात, ही गोष्ट तिथे उघडपणे बोलली जाते. धार्मिक कडवेपणा पसरवणाऱ्या गटांनीही याच मुलांमध्ये शिरकाव केला. रिलवान 8 ऑगस्ट 2014 रोजी मध्यरात्रीनंतर फेरीबोटीने हुलहुमालेला गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्या इमारतीबाहेर कोणाला तरी बळजबरीने गाडीत घातल्याचे शेजाऱ्यांनी पाहिले होते, तिथे सुराही सापडला, आणि तरीही 2018 मध्ये खटल्यातील दोघे आरोपी निर्दोष सुटले. पुढे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने 2019 मध्ये सांगितले की अल्-कायदाशी संबंध असलेल्या स्थानिक गटाने त्यांची हत्या केली. रिलवान यांच्यासाठी मोहीम चालवणारे यामीन रशीद यांनी आपल्याला येणाऱ्या धमक्या पोलिसांना कळवल्या होत्या. 23 एप्रिल 2017 रोजी त्यांच्याच इमारतीच्या जिन्यात त्यांना भोसकण्यात आले. या हत्यांमागचा हेतू बेटांच्या पैशांचा नव्हता, तेव्हा दोन्हींची एकच मोट बांधू नये. सामाईक आहे ते तपासाचे दुबळेपण.

निरंजन:

न्यायालयांचा विषय अद्याप निघाला नाही म्हणून लिहितो. नव्या घटनेत संक्रमणकाळाची तरतूद होती आणि त्या काळात जुन्या न्यायाधीशांची पात्रता तपासायची होती. 2010 मध्ये बहुतेक सर्वांनाच कायम केले गेले आणि सुधारणेची संधी तिथेच हुकली. जानेवारी 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी फौजदारी न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांना लष्कराकरवी ताब्यात घेतले. तक्रार खरी असली तरी हा मार्ग घटनेत बसणारा नव्हता, आणि महिन्याभरातच नशीद यांना पायउतार व्हावे लागले. डिसेंबर 2014 मध्ये, राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला यामीन यांच्या काळात, मजलिसने सर्वोच्च न्यायालयातील जागा सातवरून पाचवर आणल्या आणि सरन्यायाधीश अहमद फैझ यांच्यासह दोघांना घरी पाठवले. 1 फेब्रुवारी 2018 रोजी उरलेल्या न्यायालयाने नऊ राजकीय नेत्यांच्या सुटकेचा आदेश दिला, तेव्हा यामीन यांनी आणीबाणी पुकारून सरन्यायाधीशांसह दोन न्यायाधीशांना अटक केली. राहिलेल्या तिघांनी सुटकेचा आदेश मागे घेतला. तीन घटनांत सत्ताधारी दोन आहेत, हे लक्षात घ्यावे.

मृण्मयी:

आपणा तिघांचेही आभार. एक शंका राहते. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचारविषयक निर्देशांकात (100 पैकी; जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार) मालदीवला 2019 साठी 29 गुण होते, ते 2020 साठी एकदम 43 झाले. मग 2018 मध्ये यामीन हरून सोलिह राष्ट्राध्यक्ष झाले, त्या सत्तांतराने काहीच बदलले नाही असे कसे म्हणता येईल?

लेखापाल:

काहीच बदलले नाही असे मी म्हणणार नाही. सोलिह यांच्या काळात भीती कमी झाली, पत्रकार मोकळे झाले. पण तो निर्देशांक जाणकारांचे मत मोजतो, वसूल झालेला पैसा नव्हे. खटल्यांकडे पाहावे. यामीन यांना नोव्हेंबर 2019 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रद्द केली. डिसेंबर 2022 मध्ये दुसऱ्या प्रकरणात 11 वर्षे झाली, ती उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे 2023 मध्ये पुन्हा सत्तांतर झाल्यावर, रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. कोणता निकाल योग्य हे मी ठरवू शकत नाही, पण निकालांच्या तारखा निवडणुकांच्या तारखांशेजारी ठेवून पाहाव्यात.

निरंजन:

त्यात ताजी भर घालतो. एप्रिल 2024 च्या मजलिसच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू यांच्या पक्षाने 93 पैकी 66 जागा जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये पक्षांतर करणाऱ्या खासदाराची जागा रद्द करणारी घटनादुरुस्ती एका दिवसात संमत झाली. तिला आव्हान देणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी व्हायची असतानाच, फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायिक सेवा आयोगाने तीन न्यायाधीशांना निलंबित केले. एकाने राजीनामा दिला, उरलेल्या दोघांना मजलिसने मे महिन्यात पदावरून दूर केले. या आयोगाच्या दहा सदस्यांमध्ये मजलिसचे सभापती, एक खासदार, मजलिसने निवडलेला एक नागरिक, राष्ट्राध्यक्षांचा प्रतिनिधी आणि महान्यायवादी असे पाच जण असतात. एवढे बहुमत हाती असलेल्या पक्षाला सहाव्यासाठी फार लांब जावे लागत नाही.