फ्लॅट दोघांचा, कर्जही दोघांचे: सहमतीच्या घटस्फोटाआधी काय तपासावे?

रंकाळ्याकाठची

नमस्कार. आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली असून गेली दोन वर्षे मी सात वर्षांच्या मुलीसह राजारामपुरीत माहेरी राहते. प्रकरण चिघळू द्यायचे नाही, असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवल्यामुळे आम्ही हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीने अर्ज करणार आहोत. अडचण आहे ती व्यवहाराची. कळंब्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, गृहकर्जही दोघांचे आहे आणि अजून १८ लाख रुपये फिटायचे आहेत. "फ्लॅट तू घे, हप्ते तू भर आणि पोटगीचा विषय सोड," असे पतीचे म्हणणे आहे. माझा पगार ३२ हजार आहे. साज, ठुशी आणि पाटल्या दोघांच्या नावावरील लॉकरमध्ये आहेत. सासऱ्यांच्या नावावर करवीर तालुक्यात उसाची शेती आहे. तिच्यावर माझा अथवा मुलीचा कोणताही हक्क राहणार नाही, असे एक कलम त्यांच्या वकिलांनी मसुद्यात घातले आहे. सही करण्यापूर्वी काय पाहावे?

काळा कोट

ताई, शेतीच्या कलमापासून सुरुवात करतो, कारण घाईने सही होते ती अशाच ठिकाणी. सासऱ्यांच्या हयातीत त्यांच्या जमिनीत सुनेला वाटा नसतो, त्यामुळे तुमच्यापुरते ते कलम निरुपद्रवी आहे. परंतु जमीन वडिलोपार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनुसार मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळतो आणि तो आईने स्वतःच्या घटस्फोटाच्या कागदावर सोडून देण्याचा विषय नाही. 'मुलीचा' हा शब्द मसुद्यातून काढायला लावा. सातबारा आणि जुने फेरफार पाहिले, की जमीन कोणाकडून कशी आली हे समजेल.

मुलीच्या खर्चाचेही तेच. तुम्ही स्वतःची पोटगी सोडली, तरी तिला पोसण्याची वडिलांची जबाबदारी संपत नाही. शाळेची फी, दवाखाना, दरवर्षीची वाढ आणि भेटीचे दिवस आकड्यांसह लिहून घ्या. 'परिस्थितीनुसार देण्यात येईल' अशा मोघम वाक्याची अंमलबजावणी करताना पुढे नाकी नऊ येतात.

लग्नात माहेरने आणि सासरनेही तुम्हाला घातलेले दागिने हे स्त्रीधन आहे. १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पत्नीची पूर्ण मालकी मान्य केली आहे. लॉकर दोघांनी मिळून उघडा, गुजरीतल्या एखाद्या सराफाकडून वजन करून घ्या आणि फोटोंसह सहीची यादी संमतीच्या अटींना जोडा.

मुदतीबाबत सांगायचे, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार पहिल्या अर्जानंतर अंतिम हुकुमासाठीचा दुसरा अर्ज करायला सहा महिने थांबावे लागते. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाच्या आधारे ही मुदत माफ करण्याची विनंती तुम्हाला करता येईल, मात्र त्यासाठी पोटगी आणि मुलीचा ताबा यांसह सर्व वाद खरोखर मिटलेले असावे लागतात. अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते, हे लक्षात ठेवून देण्याघेण्याचे टप्पे आखा.

फ्लॅटमधील पतीचा हिस्सा बक्षीसपत्राने घेणार असाल, तर तो दस्त हुकुमापूर्वीच नोंदवा. पती-पत्नीमधील निवासी घराच्या बक्षीसपत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत मिळते; हुकुमानंतर तुम्ही पती-पत्नी राहत नाही. मात्र दस्तात मोबदल्याचा उल्लेख आला, की ते बक्षीसपत्र राहत नाही, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात मसुदा आधी दाखवा. आणि हो, दोघांसाठी एकच वकील ठेवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

निवृत्त बँकवाला

वकीलसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे, पण ताईंनी फ्लॅट घ्यावाच का, या प्रश्नाला त्यांनी हात घातलेला नाही. कर्जाचा करार बँकेशी झालेला आहे. न्यायालयातल्या अटींमध्ये 'हप्ते पत्नी भरेल' असे लिहिल्याने बँक पतीला मोकळे करत नाही आणि हप्ता थकला तर दोघांकडेही वसुलीला येते. फ्लॅट तारण असल्यामुळे बक्षीसपत्रालाही बँकेची लेखी संमती लागेल. पतीचे नाव कर्जातून काढायचे, तर बँक एकट्या ताईंची ऐपत तपासणार. १८ लाख रुपये १५ वर्षांत ९ टक्के दराने फेडायचे ठरवले, तर हप्ता १८ हजारांच्या वर जातो. ३२ हजारांच्या पगारावर बँक एवढ्याला सहजासहजी तयार होणार नाही; झाली तरी मुलीला घेऊन उरलेल्या पैशांत महिना कसा काढणार? माझ्या मते फ्लॅट विकून, कर्ज फेडून उरलेल्या रकमेची वाटणी करावी. नाहीतर पतीने पोटगीऐवजी एकरकमी काही लाख थेट कर्जखात्यात भरावेत, म्हणजे हप्ता पेलण्याइतका खाली येईल.

उत्तरेश्वरकर

मी पती म्हणून यातून गेलो आहे. आमच्या अटींमध्ये हप्ते तिने भरायचे ठरले होते आणि मी निर्धास्त होतो. हुकुमानंतर तिसऱ्या वर्षी तिची नोकरी गेली, पाच हप्ते थकले आणि मला दुचाकीचे कर्ज नाकारले गेल्यावर ते कळले. तिची चूक नव्हती. कर्जातून नाव निघाल्याचे बँकेचे पत्र हातात येईपर्यंत मी दुसरा अर्ज करायचे थांबायला हवे होते. ताई, हे तुमच्या पतीलाही वाचायला द्या, कारण हा धोका त्यांच्याही डोक्यावर आहे. शिवाय घटस्फोटाने नॉमिनीचे नाव आपोआप बदलत नाही; माझ्या भविष्य निर्वाह निधीत तिचे नाव चार वर्षे तसेच होते.

रंकाळ्याकाठची

सर्वांचे आभार. एकरकमी रक्कम घेतली, तर तिच्यावर आयकर लागतो का? आणि पतीने 'विवाहित महिला मालमत्ता कायद्या'खाली काढलेली एक विमा पॉलिसी आहे, तिचे काय?

काळा कोट

एकरकमी पोटगी भांडवली प्राप्ती मानली जाते, त्यामुळे तिच्यावर आयकर लागत नाही. दरमहा मिळणारी पोटगी मात्र तुमच्या उत्पन्नात धरली जाते. बँकवाल्या काकांचा दुसरा पर्याय या दृष्टीनेही सोयीचा आहे. १८७४ च्या त्या कायद्याखालील पॉलिसी पत्नी व मुलांच्या हितासाठी विश्वस्त निधीसारखी असते आणि पतीला ती एकट्याच्या मर्जीने फिरवता येत नाही. त्यात लाभार्थी म्हणून नेमकी कोणाची नावे आहेत, ते पॉलिसीच्या प्रतीवर पाहून इथे कळवा, म्हणजे अटींमधील वाक्य कसे असावे ते सुचवता येईल.

रंकाळ्याकाठची

प्रत पतीकडे आहे. रविवारी ते मुलीला भेटायला येतील तेव्हा मागते, आणि उत्तरेश्वरकर दादांचा प्रतिसादही त्यांना वाचायला देते.