विषय: गावाकडच्या फोनवरचे खोटे मेसेज आणि न झालेल्या तक्रारी

प्रेषक: औसेकर, फ्रँकफर्ट
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

दिवाळीत औसा तालुक्यात गावी जाऊन आलो. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सोयाबीनचं काय केलं ते तुमच्या-तुमच्या घरून कळलंच असेल. आमच्याकडं शेंगांना झाडावरच कोंब फुटले. आज मात्र दुसरंच सांगायचंय.

लक्ष्मीपूजनानंतर अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, पासबुक भरून आणलं. एकाच तारखेला तीन वेळा मिळून १८,४०० रुपये गेलेले. तारीख ५ ऑक्टोबर. घरी येऊन विचारलं तर अण्णा बोलेनात, बाजेवर बसून पायाच्या नखाकडं बघत राहिले. आईच म्हणाली, "आता कशाला इचारलालास? गेले ते गेले."

हळूहळू कळलं. गावाच्या ग्रुपवर 'अतिवृष्टी अनुदान यादी' नावाची फाईल आली होती. पाठवणारा भावकीतलाच. आपलं नाव आलंय का बघावं म्हणून अण्णांनी ती उघडली. ती यादी नव्हतीच, एपीके होती, म्हणजे अख्खं ॲप. फोननं जे जे विचारलं त्याला अण्णांनी 'हो' केलं. त्यात मेसेज वाचायची परवानगीही गेली आणि बँकेचे ओटीपी परस्पर चोराच्या हातात पडायला लागले. वर तीच फाईल अण्णांच्या नंबरवरून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना गेली. भावकीतल्या त्या माणसाचंही चार दिवस आधी असंच झालं होतं. लाजेपायी तोही कुणाला बोलला नाही. तो बोलला असता तर अण्णा वाचले असते, आणि अण्णा बोलले असते तर पुढचे किती वाचले असते कोण जाणे.

मला का नाही सांगितलं, असं विचारल्यावर आई जे बोलली ते अजून डोक्यातून जात नाही. "तुला सांगावं तर तू वरडतूस." दोन वर्षांपूर्वी अण्णांनी मला लॉटरीचा एक मेसेज पाठवून 'हे खरं हाय का' म्हणून विचारलं होतं. मी कामाच्या गडबडीत होतो. "असल्याला हात लावू नका म्हणून कितींदा सांगायचं," असं तोडून बोललो. त्यानंतर त्यांनी मला एकही मेसेज दाखवला नाही. तक्रार करायची सवय मीच मोडली.

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर १९३०. त्याला फोन लावला तो सतराव्या दिवशी. बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं: खाते, रक्कम, वेळ, प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक. तक्रार नोंदली गेली. पण हे पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत, तासा-दोन तासांत पुढच्या खात्यांत वाटले जातात. लगेच कळवलं तर ज्या खात्यात पोचलेत तिथं बँक ती रक्कम गोठवू शकते. सतरा दिवसांनी गोठवायला उरतं काय?

आपले लोक कळवत नाहीत, यावर तुमच्या घरी काही उपाय सापडला असेल तर लिहा.

औसेकर

---

प्रेषक: सेलूकर, म्युनिक
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

औसेकर दादा,

वाचून रात्रभर अस्वस्थ होते. अण्णांना सांगा, यात त्यांनी लाजण्यासारखं काही केलेलं नाही.

आमचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना, आणि चोरांनाही ते पक्कं ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्यांना फोन आला: 'दाखला ऑनलाइन करा, नाहीतर पेन्शन बंद.' बाबांनी ओळखलं आणि फोन ठेवला. मी म्हटलं, तक्रार केली का? तर म्हणाले, "आपण फसलो का? मंग तक्रार कामून करायची?"

माझ्या मते खरा अडसर इथंच आहे. फसलेला लाजेनं गप्प आणि न फसलेला 'आपलं काय गेलं' म्हणून गप्प.

फेब्रुवारीत ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम बदलला, तो मी त्यांना वाचून दाखवला. परवानगीशिवाय जाहिरातबाजी करणाऱ्या नंबरवर कारवाई व्हायला पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या, आता दहा दिवसांत पाच पुरतात. तक्रार करायला मुदतही तीन दिवसांची सात झाली. डीएनडीत, म्हणजे 'जाहिराती नकोत' म्हणणाऱ्यांच्या यादीत, नाव नसलं तरी चालतं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे चौघांनी केली आन् मी नाही केली, तर त्यो नंबर चालूच राहतो?" मी म्हटलं, हो. जन्मभर हजेरी घेतलेला माणूस, गैरहजेरी त्यांना सहन होत नाही.

आता रोज संध्याकाळी त्यांचे निवृत्त गुरुजी मारुतीच्या पारावर बसतात, तिथं बाबांची शंभर पानी वही असते. कर्जाचा, प्लॉटचा नको तो मेसेज कुणाला आला की तो मजकूर, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख लिहून १९०९ ला, म्हणजे नको त्या जाहिरातींच्या तक्रारीच्या नंबरला, मेसेज जातो. फसवणुकीचा वास आला तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वरच्या 'चक्षू'त. २०२४ च्या मार्चपासून ही सोय खास त्यासाठीच आहे, पैसे गेले नसले तरी तिथं कळवता येतं. पैसे गेले तर मात्र दुसरं काही न करता १९३०. उलट आलेला तक्रार क्रमांक वहीत लाल पेननं चढतो. आणि 'तुमच्या तक्रारीवर कारवाई झाली' असा मेसेज कुणाला आला की तो पारावर मोठ्यानं वाचतात. त्या दिवशी ज्याचं नाव असतं, त्याला चहा.

लोकांना कळवायला लावायचं तर कळवल्याचं पुढं काय झालं ते त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे. आमच्याकडं तरी यानंच फरक पडला.

सेलूकर

---

प्रेषक: नांदेडकर, बर्लिन
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ताई, वही फार आवडली. पण प्रत्येक गावाला असे गुरुजी कुठून आणायचे? मी आईचा स्मार्टफोन काढून घेतला आणि साधा बटणाचा दिला. आता निदान झोप लागते.

दोन गोष्टी अनुभवावरून. इथून आपण त्यांची तक्रार भरायला गेलो तर अडतं, कारण सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करताना भारतातल्या मोबाइलवर ओटीपी येतो. शेजारचा भाचा-पुतण्या आधीच तयार ठेवा. दुसरं, पैसे गेल्यावर 'परत मिळवून देतो' म्हणणारा जो फोन येतो, तो पुष्कळदा त्याच टोळीचा असतो. माझ्या मामांचे तसे दुसऱ्यांदा गेले. मदतीचा नंबर गुगलवर शोधू नका, १९३० पाठच असू द्या.

नांदेडकर

---

प्रेषक: औसेकर, फ्रँकफर्ट
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

मंडळी,

नांदेडकर, तुमची काळजी कळते, पण फोन काढून घेणं मला पटत नाही. आईला लाडक्या बहिणीच्या हप्त्याचा मेसेज त्याच फोनवर दिसतो, नातवंडं त्याच फोनवर दिसतात. फोन काढून घेतला तर तिला एकच कळेल, की चूक तिची होती. शिवाय अण्णांच्या खात्यातून चोरी झाली तेव्हा चोरीचा पुरावा फक्त त्यांच्याच फोनमध्ये होता. फोनच नसता तर कळवायला काय उरलं असतं?

जाता जाता एक सांगून ठेवतो: आलेली फाईल पुसली म्हणून ॲप जात नाही, ते वेगळं काढावं लागतं. अण्णांच्या फोनमध्ये ते अडीच आठवडे तसंच होतं.

आज सकाळी साडेसातला फोन लावला, तिकडं दुपारचे बारा. या वेळी तब्येत-पाणी विचारायच्या आधी विचारलं, "अण्णा, या आठवड्यात कसले कसले मेसेज आले?" थोडा वेळ काहीच नाही. मी काही बोललो नाही. मग म्हणाले, "एक हाय. वीज तोडणार म्हणतंय, आज रात्री." म्हटलं, वाचून दाखवा. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली. नंबर एकेक आकडा करत वाचला. पुतण्याला बोलावून घेतलं आणि त्यानं अण्णांच्याच फोनवरून 'चक्षू'त तक्रार टाकली, स्क्रीनशॉटसकट.

मी फोन ठेवणार तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "थांब, माझ्यात बी एक आलाय, त्यो बी घे."

सेलूकर ताई, बाबांच्या वहीचा एक फोटो पाठवाल का? येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, भावकी शेतात जेवायला जमते. भज्जी-आंबिलीनंतर सगळे निवांत बसलेले असतात, तेव्हा अण्णा तो फोटो दाखवतो म्हणालेत. आणि आपली हकिगत स्वतःच सांगणार आहेत, भावकीतल्या त्या माणसाला शेजारी बसवून.

औसेकर