टीव्हीच्या जुन्या शोकेसमध्ये सशाचं घर : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डब्बा टीव्ही कधीच गेला, पण त्याचं शोकेस सासूबाई भंगारात देऊ देत नाहीत. साडेचार फूट लांब, दोन फूट खोल, मधे मोठा खण. त्यातच आमच्या कापशीचं घर करायचं ठरवलंय. दिवसभर ती हॉलभर हुंदडतेच, हे फक्त रात्रीपुरतं.

मागची प्लाय काढून तिथे जाळी ठोकणार, म्हणजे हवा खेळेल. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी लावली होती, ती पठ्ठीने दोन रात्रींत दातांनी वाकवली. आता अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणलीय. तळाला मात्र जाळी लावणार नाही, त्याने सशांच्या तळपायांना जखमा होतात.

खरी अडचण मुताची. ट्रे ठेवलाय, त्यात सुकं गवतही आहे, तरी बाई नेमकी कोपऱ्यात जाऊन बसते. प्लाय फुगून वास मारायला लागलीय. वर सनमायका मारावा का? पण सुटलेली कड ती कुरतडणार, पोटात गेला तर? जुनी फरशी बसवली तर निसरडी होईल का? कडांना ॲल्युमिनियमची पट्टी कोणी लावलीय का?

शिवाय बाहेरून जुना ऑइलपेंट आहे, त्यात शिसं असू शकतं. घासला तर भुकटी उडणार, ठेवला तर ही चावणार. सुतार म्हणतो, "ताई, पिंजरा घ्या की सरळ!"

कोणी असं केलं असेल तर फोटोसकट सांगा, प्लीज.